जिवंत बहिणीचं पान

कोलशेतच्या मिठागरात राबणाऱ्या धाकूला आपल्या बापाचा भारी अभिमान होता. भिवा होताच तसा, शब्दाचा पक्का आणि गावकीत मानाचा. १८९०च्या उन्हाळ्यात तो वारला आणि धाकू अस्थी घेऊन आगगाडीने नाशिकला गेला.

तिथे श्रीपादभटांनी घराण्याची वही काढली. यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या या उपाध्यांकडे लिहिलेल्या असतात. धाकूला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्याने सगळं वाचून दाखवायला सांगितलं. ही हौस त्याला भोवली. आजा झाला, पणजा झाला, आणि भट त्याच सुरात वाचत गेले, "कन्या तुळसा. परजातीच्या माणसाबरोबर गेली. सबब जिवंतपणीच तिची क्रिया केली. लिहविणार भिवा, मुक्काम कोलशेत."

तुळसा म्हणजे धाकूची थोरली बहीण. ती पटकीने गेली, असंच तो सहा वर्षांचा असल्यापासून ऐकत आला होता. दर पितृपक्षात तिच्या नावाने पान वाढलं जायचं आणि बाप थकल्यापासून ते धाकूच वाढायचा. जिवंत माणसाचं पितरांत पान! त्याने आयुष्य तुटतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बापाने ते त्याच्या हातून करवलं होतं.

गावी बारावं-तेरावं उरकल्यावर त्याने बापाचा मिठागरातला जुना सोबती पोपट याला गाठलं.

"पोपटकाका, तुला म्हाईत व्हतं?"

"आख्ख्या गावाला म्हाईत व्हतं," पोपट खाली बघत म्हणाला. "डोंबिवलीला असते ती. तवा जातीनं वाळीत टाकलं असतं रे तुमाला. तू ल्हान, तुजी आय आजारी. भिवा काय करनार व्हता?"

मला विचाराल तर भिवाला पुष्कळ काही करता आलं असतं. पण वाळीत पडलेल्या घरातलं मढं उचलायलाही कोणी येत नाही, आणि घरबसल्या बोलायला माझं काय जातं? धाकूला तर धड रागही येईना. बहीण जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास उतरणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

डोंबिवलीत तुळसा सापडली. तिचा नवरा गणू रेल्वेच्या रुळांवर कामाला गेला होता आणि ती अंगणात वाल सोलत बसली होती. चेहरा थेट बापाचा. धाकूने नाव सांगितलं आणि एका दमात वहीतलं सगळं सांगून टाकलं.

"बाय, मी तुजं पान वाढलं. मना म्हाईत नव्हतं," तो रडत म्हणाला.

तुळसाने शेंग सोलता सोलता विचारलं, "काय वाढायचास?"

"बाबा सांगल तां. वालाचं बिरडं. तुला भाकरी पातळ लागायची, म्हनून पातळच थापायला लावायचा."

"सगलं ध्यानात ठेवलन मेल्यानं!" ती ओरडली. मग हळू आवाजात विचारलं, "आता कसा हाय?"

"गेला. पंधरा दिस झालं."

तिने हातातली शेंग सुपात टाकली. "त्यानं बावीस वरसांपूर्वीच माज्या नावानं आंघोळ केली. मी मेलेली हाय. मेल्या मानसाला कसलं सुतक?"

आणि उठून ती मागच्या दारी विहिरीवर गेली. धाकू पाणी शेंदून देत होता आणि ती लुगड्यासकट डोक्यावरून घेत होती. बराच वेळ ती पुरे म्हणाली नाही.