मागच्या खोलीतली लाइन

ताइपिंग गावात एंग कियात घरोघरी इंटरनेट बसवायचा, आणि उंबऱ्याशी चपला काढतानाच त्याचा पहिला प्रश्न असायचा, "घरात कोणी गरोदर आहे का?" असेल, तर ड्रिल पिशवीतून बाहेरही यायचं नाही. पोटुशी बाई असलेल्या घरात खिळा ठोकू नये, भिंतीला भोक पाडू नये; ते बाळाला लागतं. हसणारे हसोत बापडे. कियातच्या स्वतःच्या कानापाशी जन्मतःच एक बारीक भोक होतं आणि त्याची आई ते आल्यागेल्याला दाखवायची. "याच्या वेळी मी पोटुशी, आणि याच्या बापाला तेव्हाच कॅलेंडर टांगायची हौस आली!"

आता तीच आई मागच्या खोलीत पडून होती. खुब्याचं हाड मोडलं ते काही सांधलं नाही. तिचा धाकटा, एंग सिओंग, मालवाहू जहाजावर होता. बंदर लागलं की व्हिडिओ कॉल करायचा. पण त्यांचं घर जुन्या चालीचं, बोळासारखं लांबच लांब. राउटर पुढच्या दालनात, मधे उघडा चौक, मग स्वयंपाकघर, आणि पार शेवटी आईची खोली. त्या जाड भिंतींपुढे मोबाइलचं नेटवर्कही हात टेकायचं. आईच्या फोनवर सिओंग तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठायचा, आणि आई त्या गोठलेल्या तोंडालाच विचारत राहायची, "जेवलास का रे?"

उपाय कियातला तोंडपाठ होता. राउटरपासून एक केबल थेट मागे न्यायची आणि तिथे वाय-फाय देणारा दुसरा डबा, अ‍ॅक्सेस पॉइंट, बसवायचा, की झालं. केबलचं भेंडोळं आणि तो पांढरा डबा आणूनही ठेवला होता. पण त्याच्या बायकोला, स्वी लिंगला, दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा घात झाला होता. अख्ख्या गावाला नेट देणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार, तो असा.

"मी चार दिवस बहिणीकडे जाते ना," स्वी लिंग म्हणाली.

"तू गेलीस म्हणून काय झालं?" आई म्हणाली. "बाळाचा जीव घरात वावरत असतो. घर तुझंच ना?"

"मग केबल जमिनीवरून सोडतो," कियात म्हणाला. "भोकही नको नि खिळाही नको."

"आणि तिचा पाय अडकला म्हणजे? स्वयंपाकघर सदा ओलं. मेल्या, अक्कल गहाण टाकलीस का?"

"बरं, मग तुलाच पुढे आणतो. पलंग दालनात, राउटरखालीच टाकू."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. दालनात, देवापुढे अंथरूण कुणाचं टाकतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांचं शेवटचं अंथरूण त्याने स्वतःच तिथे टाकलं होतं.

आई मात्र हसली. "एवढी घाई झालीय होय रे तुला? बाळ येऊ दे सुखरूप. मग पाड हवी तेवढी भोकं. मी कुठे पळून चाललेय?"

कियातने ऐकलं. आईचं ऐकायचं नाही, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

पावसाळी हवेत आईला ताप आला आणि तो छातीत उतरला. डॉक्टरांनी तपासलं, नि आता घरीच असू द्या म्हणाले. तेव्हा कियातने तिला दोन्ही हातांवर उचललं, चौक ओलांडला आणि दालनात देवापुढे निजवलं. लहान पोरीएवढंही वजन उरलं नव्हतं तिचं. वर भिंतीवर राउटर लुकलुकत होता.

संध्याकाळी सिओंगचा कॉल आला. त्याचं जहाज नुकतंच बंदराला लागलं होतं.

"अरे वा दादा! आज काय स्पष्ट दिसतंय!" तो आनंदाने ओरडला. "बसवलीस वाटतं लाइन? आई, ए आई! बघ तरी कोण आलंय!"

आईचे डोळे मिटलेले होते. श्वास तेवढा घरघरत होता.

"झोपलीय का?" सिओंगने विचारलं. मग त्याची नजर तिच्या डोक्यामागच्या देवाच्या लाल दिव्यावर गेली.

"दादा, आई दालनात का आहे?"

कियातने फोन आईच्या कानाशी धरला आणि धाकट्याला रडू दिलं. त्या दिवशी नेट एकदाही अडकलं नाही.