आवक शिक्का

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना चार महिने कार्यालयीन काम शिकायला बसवलं. मला धाराशिवच्या उपकेंद्रातला पीएच.डी. विभाग मिळाला. अर्ज तपासायचे, आवक शिक्का मारायचा, नंबर टाकून पोच द्यायची. आजवर खिडकीबाहेर ताटकळणारी मी आता आत बसले होते, आणि पंधरा दिवसांत मला ते आवडायला लागलं. "त्रुटी आहे" असं म्हणताना माझा आवाजही बदलायचा.

पीएच.डी. नोंदणीच्या मुदतवाढीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. विभागातले मोठे बाबू मीटिंगला गेले होते. पावणेपाचला उमरग्याच्या एक शिक्षिका आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या. सीमेवरच्या गावांतल्या बायका मराठी-कानडी मिसळून ज्या ओव्या म्हणतात, त्यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. अर्ज नीट भरलेला होता; फक्त मार्गदर्शकांची सही नव्हती.

"सर आज परगावी गेलेत. उद्या सकाळी सही घेऊन येते. आज तेवढा शिक्का मारून ठेवा, मॅडम."

"अपूर्ण अर्ज घेता येत नाही."

"लई लांबून आले हो."

"नियम सगळ्यांना सारखाच, बाई."

हे बोलताना मी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सही घेऊन आल्या. मोठे बाबू त्यांना विभागप्रमुख साहेबांकडं घेऊन गेले आणि मलाही बोलावणं आलं.

"या काल मुदतीत आल्या होत्या का?" साहेबांनी विचारलं. "तसं असेल तर अर्ज घेता येईल."

एक 'हो' पुरेसं होतं. पण मग मी कुणाला न विचारता त्यांना परत का पाठवलं, हेही निघालं असतं. चार महिन्यांच्या कामाच्या माझ्या दाखल्यावर सही साहेबांचीच व्हायची होती.

"काल गर्दी होती, सर. नक्की आठवत नाही."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. भांडल्या नाहीत. "आठवत नसंल तर राहू द्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांची नोंदणी रद्द झाली.

दुपारी डबा खाताना मोठे बाबू म्हणाले, "सही राहिली असली तरी आपण शिक्का मारून ठेवतो, पोरी. त्रुटी मागाहून भरून घेतो. तुझ्या नोंदणीच्या अर्जालाबी फोटो नव्हता, तरी घेतला व्हता." मी डबा झाकला आणि खिडकीवर जाऊन बसले.

पुढं मी खरं काय घडलं ते लिहून साहेबांना दिलं. पण दाखला हातात पडल्यावर, हेही सांगितलंच पाहिजे. साहेब संतापले, तरी त्यांनी कागद समितीपुढं ठेवला. जुनी नोंदणी परत मिळणार नाही, नव्यानं करता येईल, असं ठरलं. ते पत्र मीच उमरग्याला घेऊन गेले.

बाई शाळेच्या व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. आता पुन्हा पहिल्यापासून न्हाय जमायचं."

"माझ्यामुळं झालं, बाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमचा प्रबंध कधी व्हायचा?"

"पुढच्या महिन्यात देतेय."

"द्या," म्हणाल्या आणि त्यांनी पुढची वही ओढली.