पाणवठ्यावरचा मुक्काम

सहदेव हा मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. अकरा वर्षं अमरावतीच्या फूलबाजारात माझ्या गाळ्यावर पहिला मोगरा त्याचाच उतरायचा. मला साडेचारला मिटलेल्या कळ्या लागत; एखादी जरा उमललेली दिसली की मी नाक मुरडणार. म्हणून तो रात्रीच तोडणी करून, जंगलातल्या पायवाटेने सायकलवर यायचा. निम्म्या वाटेत वनखात्याचा पाणवठा. तिथे टोपलीवरचं फडकं भिजवायचं, पाय धुवायचे, बिडी ओढायची. बिबट्याच्या धाकाने कपाळावर बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने भजनं.

"भेव नाही वाटत तुले?" मी विचारायचो.

"काहून वाटंल? इतक्या वर्सात एक ससा दिसला नाही मले."

हे तो फुशारकीने सांगायचा आणि मी मान डोलवायचो. अक्कल दोघांची सारखीच.

यंदा मे महिन्यात त्याच्या शेजारणीच्या, माणिकबाईच्या विहिरीत चितळाची मादी पडून मेली. गाभण होती. दोर लावून बाहेर काढणाऱ्यांत सहदेव पुढे होता. "जंगलात पानी असून हे गावात काहून येतात?" त्याने वनरक्षक संध्याला सगळ्यांदेखत खडसावलं.

 दोन दिवसांनी पहाटे ती माझ्या गाळ्यावर आली आणि पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो माल उतरवणाऱ्या सहदेवपुढे धरले. अडीचला झाडांआड चितळं उभी. पावणेतीनला सहदेव, बिडीसकट. मग उजाडेपर्यंत कोणीच नाही. रोज हेच. फक्त शेवटच्या फोटोत, तो गेल्यावर, एकटी गाभण मादी, पोट खाली उतरलेलं, काठापासून चार पावलांवरून माघारी वळलेली. विहिरीत पडली ती त्याच रात्री.

"काका, तुमी गेल्यावरही बिडीचा वास राह्यते," संध्या हळूच म्हणाली. "थे मंग येतच नाहीत."

सहदेवच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. तो म्हणाला, "लय जड लागली होती वो थे, काढतानी. तिच्या वाटचं पानी मी फुलाले घातलं."

आता तो डांबरी रस्त्याने, लांबच्या फेऱ्याने येतो, साडेसहाला. निम्म्या कळ्या उमललेल्या असतात. टोपली ठेवतो आणि माझ्याकडे न बघता उभा राहतो, गुन्हेगारासारखा. मी नाक न मुरडता माल घेतो. साडेचारची अट माझी होती, हे त्या दिवशी संध्यासमोर माझ्या तोंडून निघालं नाही. त्यानेही ते सांगितलं नाही.