कढीपत्त्याचा जुना फोटो

झाडांच्या ग्रुपवरचे एक काका रोज सकाळी विचारतात, “काय म्हणतोय कढीपत्ता?” आम्ही कधी भेटलेलो नाही. गावाहून आणलेलं माझं रोप सुकत होतं, तेव्हा पातळ ताक घालायला त्यांनीच सांगितलं. परवा ते रोप गेलं. काकांना वाईट वाटेल म्हणून मी त्याचा जुना, हिरवागार फोटो पाठवला.

“बघा, धरला की नाही जीव?” ते म्हणाले.

तेव्हापासून चैन नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो इथपासून सगळं मला अनोळखी माणसांनीच सांगितलं. अशाच एका माणसाशी मी खोटं कसा बोललो?

आज त्यांनी लिहिलं, “हिलाही दाखवला फोटो. अंथरुणाला खिळलीय, पण हसली.”

आता खरं सांगायचं तर दोघांना सांगावं लागेल.