आरोप करण्याआधी विचारायला गेलेला माणूस

वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकांना पाठीमागे सगळे 'खात्री' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एखादा नवा बातमीदार धापा टाकत सनसनाटी काहीतरी घेऊन आला, की ते चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, "ज्याच्यावर आरोप आहे, तो काय म्हणतो?" तो भेटत नाही, फोन उचलत नाही, असलं उत्तर आलं तर बातमी टेबलावरच पडून राही. मग तो माणूस भुरटा चोर असो की नगरपालिकेचा मुख्य अभियंता. एकदा तर एका खिसेकापूचं म्हणणं ऐकायला त्यांनी बातमीदाराला पोलीस ठाण्यात पिटाळलं होतं. ते दुसऱ्या दिवशी छापूनही आलं: पाकिटात काही नव्हतंच. त्यावर पाकिटाचा मालक तणतणत कचेरीत आला. त्याचंही म्हणणं छापलं गेलं.

अपघात आणि नगरपालिका या दोन विषयांपासून सुरुवात करून ते संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोचले, तोवर डोक्यावरचे केस निरोप घेऊन गेले होते. शहराच्या उतारावरच्या वस्तीत नळाला गढूळ पाणी येतं, हे त्यांनी इतक्या वेळा लिहिलं, की पानं लावणारा गडी विचारायचा, "मथळा मागचाच ठेवू ना?" पण लिहून नळाला काही फरक पडला नाही. ते निवृत्त झाले आणि वस्तीतली चार माणसं घरी येऊन बसली. पुढे होती एक शिवणकाम करणारी बाई. म्हणाली, "भाऊ, लिहून झालं. आता निवडणुकीला उभे राहा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही उत्तर चुकलं तर चालवून घ्यायची नाही.

"माझ्याकडे काय बघता? जन्मभर लोकांना प्रश्न विचारलेत. आता उत्तरं द्यायला बसा, म्हणजे कळेल."

ते निवडून आले. नगरपालिकेच्या पहिल्याच सभेला ते सवयीनं पत्रकारांच्या बाकावर जाऊन बसले. शिपाई म्हणाला, "साहेब, तुमची जागा पुढे. इथे बसतात ते आता तुमच्याबद्दल लिहिणार." सभागृह खदखदून हसलं. तेही हसले, पण उठताना त्यांना थोडं जड गेलं.

उतारावरच्या वस्तीसाठी एक छोटं जलशुद्धीकरण केंद्र बांधावं, असा ठराव त्यांनी मांडला. अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, आधी नव्या बाजाराचा रस्ता होऊ दे, पाण्याचं पुढच्या वर्षी बघू. मात्र अध्यक्षांच्याच पक्षातले तीन सभासद तळ्यात-मळ्यात होते. ते इकडे आले तर पाणी मिळणार होतं, नाही आले तर नाही.

मतदानाच्या आदल्या दुपारी अप्पा घरी आले. अप्पा म्हणजे हे ज्या पक्षातर्फे निवडून आले, त्याचे जुने पुढारी आणि सभासद. आवाज असा, की शेजारच्यांना वेगळं आमंत्रण लागत नसे.

"सापडलं!" अप्पा म्हणाले. "बाजाराच्या रस्त्याला लागून अध्यक्षानं मेव्हण्याच्या नावानं जमीन घेतलीय. उद्या तुम्ही उठायचं आणि हे सांगायचं. तुमच्या तोंडून आलं की लोक खरं मानतात. ते तिघं झक मारत आपल्याकडे येतील."

"पण खरं आहे का?"

"अहो, सगळं गाव बोलतंय!"

"गाव बोलतंय, ठीक आहे. अध्यक्ष काय म्हणतात?"

अप्पांनी कप खाली ठेवला. "त्याला विचारायचं? तुम्ही अजून पेपरात आहात का? तुम्हाला वस्तीला पाणी द्यायचंय की नाही?"

"द्यायचंय तर."

"मग उद्यापर्यंत तोंड बंद ठेवा."

अप्पा गेले आणि यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"अध्यक्षांकडे."

बायकोनं वह्या तपासायच्या थांबवल्या. "अप्पांना कळलं तर?"

"कळणारच."

"मग छत्री तरी न्या. येताना तुम्हाला कोणी गाडीतून सोडणार नाही."

अध्यक्ष बनियनवर कुंड्यांना पाणी घालत होते. ऐकून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी मेव्हण्याला हाक मारून बोलावलं. त्याची बेकरी पलीकडच्याच गल्लीत होती. तो पिठाचे हात तसेच घेऊन आला. "जमीन आमच्या वडिलांची, साहेब. मी चड्डीत होतो तेव्हाची. तेव्हा कसला बाजार अन् कसला रस्ता!" परतताना हे त्या जमिनीशेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही भेटले. दोघांनी तेच सांगितलं. आरोप खोटा होता.

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी आपल्या तिघा डळमळीत सभासदांना समोर बसवलं. उद्या आपल्या घरच्यांवर चिखल उडवायचा बेत होता, म्हणाले, आणि अशांच्या बाजूनं तुम्ही हात वर करणार? दुसऱ्या दिवशी हे फक्त पाण्याबद्दल बोलले, चांगलं बोलले. पण तिघांनी मान वर केली नाही. ठराव पडला.

बाहेर व्हरांड्यात अप्पा कडाडले, "एक गोष्ट पोटात राहिली नाही तुमच्या! आता वस्तीत जाऊन तुम्हीच तोंड दाखवा."

ते तिथून तडक वस्तीत गेले. शिवणकामवालीनं मशीन थांबवून सगळं ऐकलं.

"ते खोटंच होतं?"

"खोटंच होतं."

"आणि बोलला असतात, तर पाणी आलं असतं?"

"बहुतेक आलं असतं."

तिनं दातानं दोरा तोडला. "भाऊ, मला तुमचा राग आलाय. खोटं कशाला बोलू?" तरी उठून तिनं चहा टाकला. "घ्या. दूध जास्त घातलंय, म्हणजे पाण्याचा रंग कळत नाही."

त्यांनी कप तळाच्या गाळापर्यंत प्यायला. मग म्हणाले, "सभासदाला एखाद्या नागरिकाला बोलायला आणता येतं. मी बोललो की ते राजकारण होतं. तुम्ही याल?"

"मी? मला तो माईक धरता येत नाही."

"टेबलावर असतो तो."

"मग येईन. पण हे शाळेचे गणवेश तेवढे होऊ देत."

पुढच्या सभेत ती आली. माईककडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती. पांढरे गणवेश शिवते, म्हणाली, आणि पहिल्याच धुण्यात ते मातकट होतात. मग पोरांच्या आया येऊन मला भांडतात, कापड हलकं वापरलं म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, कोणत्या गल्लीत जास्त गढूळ येतं? तिनं गल्ल्या सांगितल्या, खुद्द अध्यक्षांच्या मावसबहिणीच्या गल्लीसकट. कोणीतरी हसलं. अध्यक्षही ओशाळं हसले आणि म्हणाले, ठराव पुन्हा मताला टाका.

तिघांपैकी एकाचा हात वर गेला. मग दुसऱ्याचा. अप्पांनी गुरगुरल्यासारखा आवाज काढून आपला हात वर केला. कारकून मोजत मोजत यांच्यापाशी आला, तर हे खाली मान घालून बाईंचं बोलणं भराभर लिहून घेत होते.

"अहो, हात!" प्रेक्षकांच्या बाकावरून बायको ओरडली.