गोळ्यांच्या पाकिटावरचा लाल टॅग

उमरोळीहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी हरेश्वरभाऊंसाठीच मुंबईतल्या एका लेसरवाल्या डॉक्टरांची वेळ मिळवायच्या खटपटीत होतो. "भावजी, हे गेले…" एवढंच त्या बोलल्या. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि पालघरला नेईपर्यंत सगळं संपलं. त्याला आता महिना झाला.

साताऱ्याकडून मी बोईसरला आलो, तेव्हा कारखान्यातल्या बॉयलरवर मला हाताशी धरलं ते भाऊंनी. पहिला धडा लाल टॅगचा. दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद केला की त्यावर टॅग बांधायचा, आणि ज्याने बंद केला त्यानेच तो सोडायचा. एकदा मी घाईत दुसऱ्याचा टॅग सोडायला गेलो, तर खसकन माझा हात ओढून म्हणाले, "ज्यानं बंद केला तोच चालू करल. मालक आला तरी नाय." त्या दिवशी मी त्यांना जाम घाबरलो होतो.

निवृत्तीनंतर त्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली. मनोरला लग्नाला गेलो तर मांडवात शिरण्याआधी मोरी कुठे आहे ते विचारायचे. शेवटी एकदा लघवी पार अडली, नळी घालावी लागली. डॉक्टरांनी नेहमीची शस्त्रक्रिया सुचवली… दुर्बीण आत घालून वाढलेला भाग विजेच्या तारेने खरवडायचा. भाऊंच्या हृदयात स्टेंट होती, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारून रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस आधी बंद केली.

आणि दोन दिवस उरले असताना मी मध्ये पडलो. साधी छत्री घ्यायला चार दुकानं फिरणारा माणूस मी! लेसरमध्ये रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, असं वाचून वहीत दोन रकाने आखले. डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, दोन्ही चांगल्या आहेत, आमचा हात जुन्या पद्धतीवर बसलेला आहे. पण भाऊ आधीच धास्तावलेले.

"आतमदी काय बिघडलं तर जन्मभर कपडे भिजायचे रे. तू बोलतो तर थांबू."

तारीख पुढे गेली. मग आणखी एक मत, त्यानंतर आणखी एक. तीन आठवडे मी रोज फोन करून लघवीची चौकशी केली. गोळीची एकदाही केली नाही.

बाराव्याला वहिनींनी औषधांचा डबा माझ्यापुढे ठेवला. अर्ध्या गोळ्या शिल्लक असलेलं पाकीट, त्याला दोऱ्याने बांधलेला कारखान्यातला जुना लाल टॅग. वर भाऊंच्या अक्षरात, 'डॉक्टरांनी बंद केली.'

"मी बोलले, आपरेशन नाय तर गोळी घ्या," वहिनी म्हणाल्या. "तर बोलले, डॉक्टरानं बंद केली, तोच चालू करल…"

गोळी चालू असती तर ते वाचले असते का, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मी दोन डॉक्टरांना विचारलं. तिसऱ्याला विचारायची हिंमत होत नाही. पण तेव्हा डॉक्टरांना एक फोन करून गोळीचं विचारलं असतं तर भाऊंनी मुकाट घेतली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती चूक माझी.

पाकीट मी मागून आणलं. ते आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. रोज सकाळी माझी रक्तदाबाची गोळी काढताना ते हाताला लागतं. वहिनी म्हणतात, टाकून द्या, जिवाला घोर लावून घेऊ नका. कितीदा गाठीपर्यंत बोट नेलं… पण टॅग भाऊंनी बांधलाय. मला तो सोडता येत नाही.