वनिताचे पाच प्रश्न

माझ्या पुतणीचं, वनिताचं, जमत आलेलं लग्न मी मोडलं. आमच्या गावात, अंजूरमध्ये, अजून सगळे म्हणतात की ते तिच्या आगाऊपणामुळे मोडलं. मी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा खरं काय ते एकदा लिहून टाकतो.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. वनिताची राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मुलाखत होती. महिनाभर मी तयारी करून घेतली.

"शेवटी साहेब विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? तिथं 'नाही' म्हटलंस की संपलं. ताठ बसायचं आणि कामाबद्दल विचारायचं. इंग्रजीतून."

पाच प्रश्न इतके घोटून घेतले, की भाकरी थापतानाही ती ते पुटपुटायची.

मुलाखत सोमवारी होती. रविवारी तिला बघायला पाहुणे आले. (हा दिवस मी ठरवला नव्हता. माझ्याकडून न चुकलेली तेवढी एकच गोष्ट.) मुलाकडे खाडीकाठची जमीन, तिच्यावर गोदामं आणि त्यांचं भाडं. पोहे आले. मुलाचे वडील रीतीप्रमाणे म्हणाले, "पोरी, तुला काय इचाराचा हाय का?"

यावर आमच्याकडे मुलीनं खाली बघून 'नाही' म्हणायचं असतं. वनिता ताठ बसली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, "तुमचं काम किती वाजता सुरू होतं?"

मुलगा कॉलेजात गेलेला, आणि सरळ. "मी उठतोच साडेदहाला," तो मराठीत म्हणाला.

"तुमचे साहेब कोण?"

त्यानं वडिलांकडे बोट दाखवलं.

"गेल्या वर्षात कामात नवीन काय शिकलात?"

तो विचार करू लागला. मग त्यानं मदतीसाठी पुन्हा वडिलांकडे पाहिलं. माझा धाकटा भाऊ गणपत, म्हणजे वनिताचा बाप, खाकरला. मी मात्र तिच्या उच्चारांवर खूश होतो.

चौथा प्रश्न मी विशेष अभिमानानं घातला होता. "या जागेवर आधी कोण होतं, आणि त्यांनी ती का सोडली?"

मुलाचा चेहरा उतरला. "साखरपुडा झालेला एकदा. तिच्या घरच्यांनी मोडला."

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाची आई ताडकन उठली. "कोनी शिकवला हिला ह्या?"

मी पोह्यांत शेंगदाणा शोधत म्हणालो, "आजकालच्या मुली. ऐकतात का कुणाचं?"

वनितानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिकाम्या बशा उचलल्या. पाहुणे गेले. (पाचवा प्रश्न सुट्ट्यांचा होता. तो राहिलाच.)

नोकरी तिला लागली. पण पोरगी पाहुण्यांची उलटतपासणी घेते, हे गावभर झालं. तीन वर्षं एकही स्थळ आलं नाही. गेल्या आठवड्यात आलं, आणि त्यांच्याही कानावर तेच गेलं.

मी गणपतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, वनितानी त्याच दिवशी सांगितलेला. वर बोलली, काकांना काय बोलू नका, त्यांना वाईट वाटंल."

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी त्या नव्या पाहुण्यांच्या घरी गेलो आणि पोह्यांच्या शेंगदाण्यासकट सगळं कबूल केलं. ते मनापासून हसले आणि रविवारी यायला तयार झाले. अट एकच घातली.

म्हणून आज रविवारी मी घराबाहेर, धामणकर नाक्यावरच्या लॅबमध्ये, रक्त तपासायला बसलो आहे. साखर झाली, थायरॉइड झालं. पाहुणे अजून घरी बसलेत, असा गणपतचा फोन आहे. आता डोळे दाखवून घेतो.